पाच काड्यांचं अक्षर

यार्डात ती अक्षरं मी पहिल्यांदा पाहिली ती एका रविवारी सकाळी, सहा नंबरच्या रॅकवर. सहीसाठी गेलेले नकाशे परत आणायला मी तिकडे गेलो होतो. रॅकवर बारा इंची पाइप आडवे लावलेले होते आणि त्यातल्या एकाच्या टोकाला पांढऱ्या खडूने चार खुणा काढलेल्या होत्या. आमच्या यार्डात पाइपवर काही लिहिलेलं असणं नवलाचं नाही. इंग्रजी आकडे असतात, अरबी आकडे असतात, कधी मल्याळममध्ये एखादी शिवी असते. पण त्या चार खुणा मी ओळखल्या, आणि पहिल्यांदा काय केलं असेल तर मागे वळून पाहिलं, कोणी माझ्याकडे बघतंय का.

त्या अक्षरांत लिहिणारा शेवटचा माणूस मरून दोन हजार वर्षं होत आली. ती उजवीकडून डावीकडे लिहायची असतात. पहिलं म, मग इ, मग व, आणि शेवटी वर्तुळात फुली, तो थ. मी चष्मा पुसून जवळ गेलो. जुन्या वळणाच्या म ला पाच काड्या लागतात. इथे चारच होत्या. म्हणजे लिहिणाऱ्याला अक्षर येत नव्हतं, त्याने ते कुठूनतरी बघून उतरवलं होतं.

आणि बघून उतरवायला ते अख्ख्या जुबैलमध्ये माझ्या माहितीप्रमाणे एकाच जागी होतं. कॅम्पमधल्या माझ्या खोलीत, पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीत.

माझं नाव हुसेनमियाँ परकार. गाव बाणकोटच्या खाडीवर. गेली एकतीस वर्षं मी सौदीतल्या जुबैलमध्ये डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. काम सांगायला सोपं आहे. प्रत्येक नकाशाला नंबर द्यायचा आणि तो कधी, कोणाला दिला याची नोंद ठेवायची. कागद बाहेर जातो तेव्हा त्याच्यासोबत ट्रान्समिटल नावाची चिठ्ठी जाते. घेणारा तिच्यावर सही करतो आणि एक प्रत माझ्याकडे परत येते. ती आली नाही, तर माझ्या लेखी तो कागद गेलेलाच नाही. लोक हसतात, पण ह्या सवयीमुळे माझ्या ऑफिसातून एकतीस वर्षांत एक कागद हरवलेला नाही.

वहीत रस्ना लोक आहेत. जग त्यांना एट्रुस्कन म्हणतं, ते स्वतःला रस्ना म्हणवत. रोम हे एक खेडं होतं तेव्हा इटलीच्या मध्यभागी त्यांची शहरं होती. नंतर रोमने त्यांना गिळलं आणि त्यांची भाषा कोणी बोलेनासं झालं. अक्षरं वाचता येतात, कारण ती ग्रीकांकडून घेतलेली आहेत. शब्दांचा अर्थ मात्र थोड्यांचाच लागतो. सगळ्यात मोठं लिखाण सापडलं ते कुठे, तर इजिप्तमधल्या एका ममीवर. तागाच्या कापडावर लिहिलेल्या पुस्तकाच्या पट्ट्या फाडून कोणीतरी त्या बाईचं प्रेत गुंडाळलं होतं. फाडणाऱ्याला ते पुस्तक आहे हे कळलं होतं की नाही, कोण जाणे.

मला हे वेड लावलं ते एका इटालियन इंजिनियरने सोडून दिलेल्या पुस्तकाने. काम संपवून घरी जाताना त्याने आपली जुनी पुस्तकं ऑफिसच्या खोक्यात टाकली होती. त्यातल्या एकात रंगवलेल्या थडग्यांचे फोटो होते. भिंतीवर नवरा-बायको एकाच कोचावर टेकून जेवतायत, हसतायत. मी ते पुस्तक उचललं, आणि चार महिने रोज वाटत राहिलं की कोणी ते परत मागायला येईल.

हे लोक मुळात आले कुठून, ह्यावर अडीच हजार वर्षं भांडण चाललंय. एका जुन्या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं की दुष्काळ पडला म्हणून ते आशियातून जहाजांत बसून आले. दुसऱ्याने लिहिलं, छे, ते तिथलेच. अलीकडे हाडांमधला डीएनए तपासला तर तो बराचसा तिथल्याच जुन्या लोकांशी जुळला, पण भाषा आजूबाजूच्या कोणाशीच जुळत नाही. मला ह्या भांडणात रस का, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरी सांगत की आपला मूळपुरुष अरबस्तानातून गलबतात बसून बाणकोटला उतरला. लहानपणी मला त्याचा फार अभिमान होता. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी एका अरबाला ते सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, चहा पुढे केला आणि म्हणाला, "इन्शाल्ला, असेलही."

वेड लागल्यावर माणूस मूर्खपणा करतो, तसा मीही केला. रस्नांच्या भाषेत 'मी' ह्या शब्दाचा अर्थ 'मी' असा होतो. खरंच होतो. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही. मी अकरा पानांचा लेख लिहिला, त्यात मराठी आणि रस्ना भाषेचं नातं लावलं, आणि पुण्याच्या एका विद्वानांना पाठवला. त्यांचं पोस्टकार्ड आलं. त्यावर एकच शब्द होता, 'योगायोग.' खाली सही. बरोबर होतं त्यांचं. एका शब्दावरून नातं लागत नसतं, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. त्यानंतर बावीस वर्षं मी वहीतलं पानही कोणाला दाखवलं नाही. वहीत जवळजवळ प्रत्येक वाक्याच्या शेवटी मी कंसात 'बहुधा' लिहितो.

तर त्या रविवारी यार्डातून ऑफिसात येईपर्यंत माझा संशय एका माणसावर पक्का झाला होता. विश्वनाथ.

विश्वनाथ कदम, संगमेश्वरचा, पाइप फॅब्रिकेशनचा फोरमन, वयाने माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी लहान. सहा वर्षं आम्ही एका खोलीत राहतो. तो बडबड्या, मी घुम्या. पेटीला कुलूप नव्हतं. गेल्या महिनाभरात तीन गोष्टी माझ्या लक्षात आल्या होत्या आणि मी त्या मनातल्या मनात नोंदवून ठेवल्या होत्या. वहीला मी रबरबँड एकदाच गुंडाळतो, तो एके दिवशी दोन वेढ्यांचा सापडला. अक्षरांच्या तक्त्याच्या पानावर पांढरी भुकटी होती, पाइपवर खुणा करायच्या खडूची. आणि विश्वनाथ मला प्रश्न विचारायला लागला होता.

"चाचा, तुमचे ते रसनावाले," तो एकदा जेवताना म्हणाला होता, "ते सरबतवाले ओ. त्यांच्यात सामानसुमान चोरीला जाई काय?"

"का?"

"नाय, असंच. चोर सगळीकडे असतात."

"चिक्कार भांड्यांवर नावं आहेत त्यांच्या," मी म्हणालो. "पेल्यावर लिहायचे, मी अमक्याचा. मी म्हणजे पेला."

"पेलाच बोलतो? भारीच की!" आणि तो मोठ्याने हसला.

त्याचं हसणं मला तेव्हा लागलं होतं. आता त्या हसण्याचा अर्थ लागला असं मला वाटलं. त्याने ती वही यार्डात सगळ्यांना दाखवली असणार. पाइपवर ती अक्षरं काढून पोरं माझी टिंगल करत असणार. म्हातारा बघा, पेटीत काय ठेवतो. मी जेवणाच्या हॉलमध्ये शिरलो की दोघं-तिघं गप्प होत, तेही मला आता आठवलं. ते एरवीही गप्प होत असतील, पण त्या दिवशी माझा तसा विश्वास बसेना.

संध्याकाळी खोलीत मी त्याला सरळ विचारायला हवं होतं. मी फक्त पेटीला कुलूप लावलं, तो बघत असताना.

"हे काय चाचा? सोनं-बिनं आणलाव की काय?"

"असू दे," मी म्हणालो.

त्याने कुलपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टॉवेल घेऊन आंघोळीला गेला. जाताना गाणं म्हणत नव्हता. एरवी म्हणतो.

दुसऱ्या दिवशी हम्मादने मला बोलावलं.

हम्माद आमच्या कॅम्पचा आणि यार्डाचा प्रशासन अधिकारी. सौदी, चाळिशीचा, मूळ गाव हाईलकडचं, बायको बुरैद्याची. तिच्या माहेरून आलेल्या खजुराचा डबा त्याच्या टेबलावर कायम असतो. ऑफिसात त्याच्यासमोर नदीम बसला होता, टूल स्टोअरचा पाकिस्तानी स्टोअरकीपर. टेबलावर एक ग्राइंडर, एक मापाची टेप आणि दोन पाने होते. चारही वस्तूंवर त्याच चार खुणा कोरलेल्या होत्या.

"या हुसेन," हम्माद म्हणाला, "ह्या यार्डातली प्रत्येक खूण तुला माहीत असते. हे काय आहे?"

नदीम वर्तुळातल्या फुलीवर बोट ठेवून म्हणाला, "चाचा, ये देखो. सलीब लगता है. और बाकी, तौबा, तावीज जैसा. मैंने कहा साहब से, ये सिहर का काम है." सलीब म्हणजे क्रूस, सिहर म्हणजे करणी. तो हे हळू आवाजात म्हणाला आणि पान्यावरून बोट उचलून सदऱ्याला पुसलं.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. सांगितलं तर वही आणावी लागेल. वही हे दोघं चाळतील. तावीज म्हणतील, जप्त करतील. माझी फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं घरी जाणं, पाच आठवड्यांवर आली होती. आणि खरं लिहायचं तर आणखी एक गोष्ट होती. विश्वनाथने माझी टिंगल केली, तर त्याचं तो निस्तरू दे, असंही मला वाटलं.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"तुलाही माहीत नाही?" हम्मादने भुवया वर केल्या. "तुला?"

"नाही."

हम्माद टेबलाशी वाकून त्या खुणांकडे बराच वेळ बघत राहिला. आधी त्याला तो पोरखेळ वाटत होता, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून दिसलं होतं. माझ्या उत्तराने तो चेहरा बदलला. हुसेनला माहीत नाही, म्हणजे ही साधी खूण नाही. त्याने नदीमला विचारलं, ही हत्यारं कोणाच्या गँगची? नदीमने विश्वनाथचं नाव सांगितलं. हम्मादने ड्रॉवरमधून एक पत्र काढलं, बाजूला ठेवलं आणि वर खजुराचा डबा ठेवला.

ते पत्र काय होतं ते मला माहीत होतं, कारण टाइप मीच केलं होतं. यार्ड महिनाअखेरीला बंद होणार होतं. मी घरी चाललो होतो. विश्वनाथला मात्र रस्त्यापलीकडची दुसरी कंपनी घ्यायला तयार होती. फक्त आमच्याकडून नाहरकत पत्रावर हम्मादची सही हवी होती. सही नाही तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, खलास, विमानात बसा. त्याची दर्शना नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज संध्याकाळी सात वाजता तिचा फोन येई आणि ती बापाला शरीरातल्या हाडांची नावं पाठ म्हणून दाखवी. ती नावं ऐकून ऐकून मलाही पाठ झाली आहेत.

त्या दिवशी विश्वनाथ उशिरा खोलीवर आला. बूट काढले, पलंगावर बसला.

"बोलावलं होतं हम्मादने," तो म्हणाला.

मी पुस्तकात डोकं घालून होतो. "काय म्हणाला?"

"म्हणाला, ही कसली भाषा. मी म्हणालो, माझी खूण आहे. बाकीच्या गँगवाले माझी हत्यारं ढापतात, व्ही के लिहिलं तर घासून जे के करतात, म्हणून कोणाला करता येणार नाही अशी खूण केली. म्हणाला, अक्षरं कुठून आणलीस?"

"मग?"

"म्हटलं, माझ्या डोक्यातून."

मी पुस्तक खाली ठेवलं. "असं का सांगितलंस?"

"मग काय सांगू?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलला. "तो म्हणाला, हुसेनला दाखवलं, हुसेनलासुद्धा माहीत नाही. म्हटलं, चाचांना माहीत नाय, तर मला तरी कुठून माहीत असणार?"

मी पेटीकडे बोट दाखवलं.

"तू माझी वही उघडलीस," मी म्हणालो.

"उघडली. विचारलं असतं तर दाखवली असती काय तुम्ही? सहा वर्षं झाली, तुम्ही साधा पेपर वाचून झाला तरी घडी घालून उशीखाली ठेवताव." त्याने पायमोजे बुटात कोंबले. "चूक माझीच आहे, मान्य. पण मला वाटलं, एवढं लिहिलंय चाचांनी, कोणाच्या कामाला तरी येऊ दे. टेप पळवली होती माझी तिसऱ्यांदा. त्या खुणेनंतर एकही वस्तू गेली नाय, माहीत आहे? घाबरून हात लावीत नाहीत लेकाचे."

"यार्डात कोणाकोणाला दाखवलीस?"

"कोणाला दाखवू? मलाच तीन पानांपुढे कळलं नाय."

सात वाजता दर्शनाचा फोन आला. त्याने उचलला आणि खोलीबाहेर जाऊन बोलला. त्या दिवशी मला हाडांची नावं ऐकू आली नाहीत.

सकाळी मी नेहमीपेक्षा अर्धा तास आधी ऑफिसात गेलो आणि कोरी ट्रान्समिटल चिठ्ठी पुढे घेतली. वहीला नंबर नव्हता. बावीस वर्षांत मी तिला नंबर दिला नव्हता, कारण नंबर दिला की कागद बाहेर जाण्याजोगा झाला असा अर्थ होतो. मी नंबर लिहिला. शीर्षकाच्या जागी लिहिलं, 'रस्ना लोकांची भाषा, टिपणं.' तारखेच्या जागेशी पेन थांबलं. दोन महिन्यांपूर्वीची तारीख टाकली आणि घेणाऱ्याचं नाव विश्वनाथ लिहिलं, तर सगळं सुटत होतं. वही मीच त्याला रीतसर दिली होती, असं झालं असतं. माझ्या चिठ्ठीवर ह्या ऑफिसात कोणी शंका घेतली नसती. मग आजची तारीख टाकली आणि घेणाऱ्याच्या जागी हम्मादचं नाव लिहिलं. फार प्रामाणिक आहे म्हणून नव्हे. खोटी तारीख कशी टाकतात ते मला येत नाही.

हम्मादसमोर वही ठेवली आणि इटालियन पुस्तकही ठेवलं. "ती अक्षरं कुठली आहेत ते मला माहीत आहे," मी म्हणालो.

तो मागे टेकला. "काल तुला माहीत नव्हतं. आज आहे. दोनांतला कुठला दिवस खोटा?"

"कालचा."

"का?"

मी खरं ते सांगितलं. लाज वाटली म्हणून, आणि विश्वनाथचा राग आला म्हणून. हे इंग्रजीत सांगताना ते आणखीच पोरकट वाटत होतं. हम्माद हसला नाही. त्याने वही उघडली. उजवीकडून उघडली, त्याच्या सवयीने, आणि ती तशीच उघडायची होती, कारण मी ती तशीच लिहिली आहे. एक एक पान उलटत गेला. मला वाटत होतं, कोणी माझा सदरा काढून घेतोय.

"हे कंसात काय आहे? सगळीकडे एकच शब्द आहे."

"बहुधा," मी म्हणालो. "मेबी."

"सगळंच मेबी?"

"जवळजवळ."

"मग विश्वनाथने लिहिलंय ते शाप नाही, कशावरून? तूही वाचू शकत नाहीस, जगात कोणी वाचू शकत नाही, असं तूच म्हणतोस. आणि हा?" त्याने वर्तुळातल्या फुलीवर बोट ठेवलं.

"तो फक्त थ आहे. त्याच्या नावातला शेवटचा. ख्रिस्ताच्याही कित्येक शतकं आधीचा."

"आणि पहिले दोन?"

"मी," मी म्हणालो. "त्याचा अर्थ मी. आय. अना. ही वस्तू बोलते, मी विश्वनाथची."

"हे मेबी, की नक्की?"

मला ते पोस्टकार्ड आठवलं. नातं लावलं ते चूक होतं. अर्थ चूक नव्हता. एवढा एकच शब्द मी बावीस वर्षं दोन्हीकडून तपासला होता, आणि त्याच्यापुढे वहीत कंस नव्हता.

"नक्की," मी म्हणालो. माझा आवाज मोठा आला असावा, कारण बाहेरून नदीमने डोकावून पाहिलं.

मी त्याला पुस्तकातला पेला दाखवला, काठावर अक्षरं कोरलेला. हम्माद ते चित्र जवळ घेऊन बघत बसला. मग म्हणाला, "आमच्या गावाबाहेर खडक आहेत. त्यांच्यावर असलंच कोरलेलं असतं. उंट, आणि बाजूला ओरखडे. आजोबा म्हणायचे, हात लावू नका, जिन्नांचं आहे. नंतर विद्यापीठातले लोक आले, त्यांनी वाचलं. जिन्न-बिन्न काही नाही. नावं निघाली. अमका, अमक्याचा मुलगा. बस." त्याने पुस्तक मिटलं. "पण तिथे वाचणारे दहा जण होते. इथे तू एकटा. आणि काल तू खोटं बोललास. ही वही माझ्याकडे राहील. मी कोणालातरी विचारेन. तोपर्यंत पत्र इथेच."

वही त्याच्याकडे राहील, ह्याचा अर्थ मला कळला. असल्या वस्तू वर जातात, आणि वर गेलेल्या वस्तू पाच आठवड्यांत खाली येत नाहीत. तिची दुसरी प्रत नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांच्या तीन तीन प्रती काढल्या, पण हिची काढली नाही, कारण प्रत काढताना कोणीतरी पाहिलं असतं.

"ठीक आहे," मी म्हणालो आणि चिठ्ठी पुढे केली. "इथे सही लागेल."

त्याने चिठ्ठी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. प्रत मी घडी घालून खिशात ठेवली.

पुढचे चार दिवस वाईट गेले. विश्वनाथने सगळी हत्यारं तारेच्या ब्रशने घासून साफ केली. तिसऱ्या दिवशी त्याची टेप चोरीला गेली. आम्ही खोलीत बोलत होतो, पण जेवलास का, लाइट घालवू का, एवढंच. मी वही देऊन आलो हे मी त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याला वाटलं असतं की मी उपकार मोजतोय. पलंगाखाली पेटी उघडी होती, कुलूप मी काढून टाकलं होतं. ते त्याने पाहिलं असणार. मला वाटायला लागलं होतं की हम्माद कोणाला विचारणारच नाही. किंवा विचारेल, आणि तो माणूस म्हणेल, योगायोग.

शनिवारी दुपारी बोलावणं आलं. हम्मादच्या टेबलावर वही होती, वर रबरबँड दोन वेढ्यांचा.

"तपासून घे," तो म्हणाला. "तू तपासल्याशिवाय घेणार नाहीस, मला माहीत आहे."

मी उभ्या उभ्या पानं मोजली. एकशे चौऱ्याऐंशी. सगळी होती. मधे एक लिफाफा होता, त्यात विश्वनाथचं पत्र, सही झालेलं, शिक्का मारलेलं. मी ते दोनदा वाचलं, तारीख बघितली, नाव बघितलं.

"कोणाला विचारलंत?" मी विचारलं.

"थुवालच्या विद्यापीठात माझी भाची आहे, अफनान. कॉम्प्युटरवाली आहे, तिला ह्यातलं काही येत नाही. पण तिने शोधलं. म्हणाली, मामा, म्हातारा बरोबर सांगतो, मी म्हणजे मी." त्याने डबा पुढे केला. "खजूर घे. आणि त्या फोरमनला सांग, पाइपवर काही लिहायचं नाही. हत्यारांवर काय ते लिही."

मी खजूर घेतला. बाहेर पडताना वही पुन्हा चाळली, सवयीने. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. आता सरकारी शेरा निघणार. मी उजेडात धरून पाहिलं. म, इ, मग ह, म, आणि शेवटी हम्मादच्या द च्या जागी त, कारण रस्नांकडे द नाही. म दोन्ही वेळा पाच काड्यांचा. एकदा खोडून पुन्हा नीट काढलेला. ते मी पुसलं नाही.

विश्वनाथ रॅकपाशी होता. मी लिफाफा पुढे केला. त्याने हातमोजे काढले, वाचलं, पुन्हा वाचलं आणि खाली बघत म्हणाला, "वही कुठे होती चार दिवस? पेटी रिकामी होती."

"हम्मादकडे."

"परत आली?"

मी दाखवली.

"चाचा," तो म्हणाला, "सोमवारी तुम्ही हम्मादला माहीत नाय असं सांगितलंत, ते घाबरून, की मुद्दाम?"

"दोन्ही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. पत्राची घडी करून खिशात घातली, खिशावर दोनदा थापटलं. मग नव्या टेपचा डबा माझ्यापुढे धरला आणि कोरायचं पेन हातात दिलं.

"आता तुम्ही काढा. माझं काही चुकत होतं काय?"

"म ला एक काडी कमी होती," मी म्हणालो. "चौथीनंतर तू थांबायचास."

"मग सांगायचं ना," विश्वनाथ म्हणाला, आणि मी काढताना उजेड यावा म्हणून बाजूला सरकून उभा राहिला.